संगणक जागा होताना (भाग ९) : मेमरीचा पहिला उतारा

मागच्या आठवड्यात आपण थांबलो तेव्हा फर्मवेअरने रॅमच्या पट्टीवरची चिमुकली एसपीडी चिप वाचली होती, सिग्नलच्या वेळा जुळवल्या होत्या आणि मेमरी वापरण्याजोगी केली होती. मशीनमध्ये मेमरी किती आहे आणि ती कोणकोणत्या पत्त्यांवर बसवली आहे, हे या क्षणी फक्त फर्मवेअरला ठाऊक आहे. ऑपरेटिंग सिस्टिम अजून डिस्कवरच आहे. ती आत येईल तेव्हा तिला हे कुणीतरी सांगावं लागणार.

तिने स्वतःच का शोधू नये? एखाद्या पत्त्यावर आकडा लिहायचा, परत वाचायचा आणि तोच आला तर तिथे रॅम आहे असं समजायचं. अगदी जुन्या मशीनवर अशी चाचपणी खपून जायची. पण पत्त्यांच्या याच रांगेत ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, इंटरप्ट कंट्रोलर यांची रजिस्टरंही बसवलेली असतात. तिथे काही लिहिणं म्हणजे त्या उपकरणाला हुकूम सोडणं. अंधारात हात फिरवताना कोणतं बटण दाबलं जाईल याचा नेम नाही. त्यामुळे विचारणं हाच सुरक्षित मार्ग उरतो.

१९८१च्या आयबीएम पीसीत हे विचारणं फार सोपं होतं. ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांच्या २० तारा, म्हणजे आवाका १ एमबीचा. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी, वरचे ३८४ केबी स्क्रीन, कार्डं आणि खुद्द बायॉससाठी, म्हणजे त्या पीसीच्या फर्मवेअरसाठी. बायॉसला एक इंटरप्ट देऊन विचारलं की उत्तर यायचं एकच आकडा : खालची मेमरी इतके केबी. पुढे ८०२८६ आला, १ एमबीच्या वरही मेमरी बसू लागली आणि तिच्यासाठी वेगळी विचारणा निघाली. तिचंही उत्तर एकच आकडा, तोही १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ केबी. ६४ एमबीच्या पुढची मेमरी या उत्तरात मावतच नव्हती. मग ई८०१ नावाची विचारणा आली. तिने दोन आकडे दिले : १६ एमबीपर्यंतची मेमरी केबीमध्ये आणि त्यावरची ६४ केबीच्या ठोकळ्यांमध्ये.

या सगळ्या सुधारणांत आकडा मोठा होत गेला, प्रश्न मात्र तोच राहिला : मेमरी किती? खरी उडी ई८२० या विचारणेने घेतली, कारण तिने प्रश्नच बदलला. कुठून कुठपर्यंत काय आहे, हे ती सांगते. ज्यांनी सातबारा वाचला आहे त्यांना हा फरक लगेच उमगेल. एकूण क्षेत्र कळून पेरणी होत नाही. त्यातलं लागवडयोग्य किती आणि पोटखराबा किती हे उताऱ्यावर वेगळं लिहिलेलं असावं लागतं.

ई८२०चा व्यवहार असा चालतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, किंवा त्याच्या आधी चालणारा बूटलोडर बायॉसला हाक देतो. हाकेसोबत खूण म्हणून एस-एम-ए-पी ही चार अक्षरं असतात. बायॉस २० बाइटची एक नोंद परत देतो : सुरुवातीचा पत्ता ८ बाइट, लांबी ८ बाइट आणि प्रकार ४ बाइट. सोबत पुढच्या नोंदीसाठी एक आकडा देतो. तोच परत देऊन पुन्हा हाक मारायची. तो आकडा शून्य झाला की यादी संपली. प्रकार १ म्हणजे वापरायला मोकळी मेमरी, २ म्हणजे राखीव. ३ या प्रकारात एसीपीआयची, म्हणजे हार्डवेअर आणि वीजव्यवस्थेची माहिती देणारी, कोष्टकं असतात. ती वाचून झाली की जागा वापरायला घेता येते. ४ला कधीच हात लावायचा नाही, कारण संगणक झोपतो-उठतो तेव्हाही फर्मवेअरला ती जागा जशीच्या तशी हवी असते.

बायॉसवर चालणाऱ्या मशीनवर लिनक्स असेल, तर टर्मिनलमध्ये डीमेसेज उघडून ‘बायॉस-ई८२०’ने सुरू होणाऱ्या ओळी जरूर बघा. पहिली ओळ पुष्कळदा ६३९ केबीवर थांबलेली दिसते. ६४०मधला शेवटचा एक केबी बायॉसने आपल्या नोंदींसाठी ठेवलेला असतो. १९८१ची ती सीमारेषा अजून तिथे उभी आहे. आणखी खाली ४ जीबीच्या अलीकडे मोठं खिंडार दिसेल. तिथले पत्ते उपकरणांना दिलेले असतात. ३२ बिटी विंडोजच्या काळात ४ जीबी रॅम बसवून ३.२५ जीबीच्या आसपास दिसली की लोक दुकानदाराशी भांडायचे. रॅम पूर्ण होती. खिंडारामागे झाकलेला भाग चिपसेट ४ जीबीच्या वर हलवू शकत असे, पण ती विंडोज तिथवर जातच नसे.

उतारा मिळाला म्हणून तो बरोबरच असतो असं नाही, आणि मला या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग हाच वाटतो. लिनक्समधली मेमरी विचारणारी फाइल जेमतेम शंभरेक ओळींची आहे, पण तिच्यातल्या टिपांमधून वर्षानुवर्षांचे अनुभव बोलतात. एक बायॉस असा आढळला, की तो प्रत्येक वेळी तोच बफर मिळणार असं गृहीत धरून फक्त बदललेले रकाने भरायचा. म्हणून कर्नल आजही प्रत्येक नोंद एका तात्पुरत्या जागेत घेतो आणि मग उतरवून ठेवतो. काही बायॉस यादीच्या मध्येच ती चार अक्षरांची खूण परत देणं थांबवतात. तेव्हा कर्नल अर्धी यादी ठेवत नाही, सगळीच टाकतो आणि जुन्या विचारणांकडे वळतो. एकच पट्टा दोन नोंदींत आला, एकीत मोकळा आणि दुसरीत राखीव, तर राखीव धरायचा. मोकळी जागा वाया गेली तर थोडी मेमरी कमी पडते. राखीव जागेवर लिहिलं तर मशीन कधी कोसळेल सांगता येत नाही. संशय आला की सोडून द्यायचं, हा नियम मला मनापासून पटतो. २०२१पासून तर लिनक्स एक्स८६वर पहिला १ एमबी पूर्णच बाजूला ठेवतो, कारण उताऱ्यात मोकळ्या म्हटलेल्या तिथल्या जागेवरही काही बायॉस मागाहून लिहीत असल्याचं दिसून आलं.

बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये नोंदीनोंदीने विचारायची गरज उरली नाही. ‘गेट मेमरी मॅप’ नावाचं एक फंक्शन ४ केबीच्या पानांत मोजलेला अख्खा नकाशा एकदम देतं. अडचण वेगळीच आहे. नकाशा ठेवायला बफर हवा. बफर घेतला की मेमरीची वाटणी बदलते. वाटणी बदलली की हातातला नकाशा शिळा. म्हणून नकाशासोबत एक किल्ली मिळते. बूटलोडरने ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ म्हणत फर्मवेअरचा निरोप घेताना ही किल्ली दाखवायची असते. दरम्यान नकाशा बदलला असेल तर फर्मवेअर निरोप नाकारतं; पुन्हा नकाशा घ्या, पुन्हा विचारा.

शिकताना मी स्वतः एक छोटा बूटलोडर लिहिला होता. यूईएफआयच्या विनिर्देशातल्या रचनेनुसार नोंद ४० बाइटची, म्हणून मी ४०-४० बाइटच्या उड्या मारत यादी वाचली. पहिली नोंद बरोबर, पुढच्या सगळ्या निरर्थक. त्या फर्मवेअरची नोंद ४८ बाइटची होती, आणि ती लांबी फर्मवेअर दर वेळी सांगतही होतं. मी वाचत नव्हतो. पुढे कधी रकाने वाढले तरी जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

निरोपानंतर फर्मवेअरचा बहुतेक कोड संपतो आणि त्याने व्यापलेली मेमरी नियमाप्रमाणे कर्नलची होते. तरी लिनक्स एक्स८६वर ती लगेच घेत नाही. निरोप घेतल्यावरही काही फर्मवेअर त्या जागेत डोकावतात, म्हणून रनटाइम सेवांचे, म्हणजे निरोपानंतरही चालू राहणाऱ्या फर्मवेअरच्या सेवांचे, पत्ते नव्याने लावून होईपर्यंत तो थांबतो. त्यानंतर ती पानं एकेक करून मोकळ्या मेमरीत जमा होतात. ती कोणाला, कशी वाटली जातात ते पुढच्या आठवड्यात पाहू.