तीन मिनिटांची झिंझोटी

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात झिंझोटी रागातली ठुमरी अशी गायली, की ती ऐकून गदगच्या एका मुलाला गाण्याचं वेड लागलं. गुरूच्या शोधात १९३३ साली, अकराव्या वर्षी, त्यानं घर सोडलं.

तो मुलगा म्हणजे पुढे थोर गायक झालेले भीमसेन जोशी.

पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू लाभले. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला. एका तबकडीनं केवढं घडवलं!

नव्या कानाला तासाभराचा विलंबित ख्याल जड जातो. त्या तबकडीवरच्यासारखी छोटी ठुमरी किंवा नाट्यपद लगेच भिडतं. आवडीचं गाणं कुणाला ऐकवताना राग आणि गायक अवश्य सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचं शोधता येईल.