कुलूप आधीच दाखवा ना!

मागच्या वर्षीची गोष्ट. इंटर्नशिपच्या अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत आणि माझा रेझ्युमे तयार नाही. एक साईट सापडली, वर ठळक अक्षरांत 'फ्री'. पाऊण तास खपून मार्क, प्रोजेक्ट, छंद, सगळं भरलं. साडेअकराला 'डाउनलोड' दाबलं, तर समोर 'आधी १९९ रुपये भरा'! करते काय? भरले गपचूप. पुढच्या महिन्यात पुन्हा कापले गेले. पैसे कापणार असल्याचा मेसेज आदल्या दिवशी आला होता, मी तो बघितलाच नव्हता.

तुमचंही असं कधीतरी झालं असेलच. राग पैशांचा नाही हं. साईट बनवायला कष्ट लागतात, पैसे मागणं चूक नाहीच. पण वडापावच्या गाडीवरही भाव पाटीवर लिहिलेला असतो. अर्धा खाऊन झाल्यावर कुणी 'पाव वेगळा' म्हणत नाही!

सरळ सांगता येतं की. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०११ मध्ये ऑनलाइन वाचनाला पैसे लावले, तेव्हा महिन्याला २० लेख मोफत असल्याचं आधीच जाहीर केलं होतं. दुसरी गंमत म्हणजे, पानावरचा कोणता मजकूर पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, हे बातम्यांच्या साईट्सना कोडमध्ये लिहून गुगलला कळवता येतं. म्हणजे मशीनला आधी कळतं, माणसाला शेवटी!

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी नियम आणले. त्यात असे १३ प्रकार दिलेत. 'फ्री' म्हणून जाहिरात करायची, पण पुढे वापरायला पैसे लागतील हे नीट सांगायचं नाही, हा त्यातलाच एक. मोफत ट्रायलसाठी कार्डची माहिती द्यायला भाग पाडणं हाही त्यातच येतो. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आणि उद्या या साईट्स बनवणार कोण? आपल्यातलेच काहीजण ना! मग एवढं कराच. कुलपाचं चिन्ह यादीतच दाखवा, क्लिक केल्यावर नाही. नुसत्या रंगावर भागवू नका, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही; शेजारी 'मोफत' किंवा 'सशुल्क' असं लिहा. बटणावर 'पुढे' नको, रक्कम हवी. ट्रायल कधी संपणार ती तारीख द्या. आणि सबस्क्रिप्शन घेणं जितकं सोपं, तितकंच बंद करणंही.

प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी एक छोटी टेस्ट घ्या. मित्राच्या हातात फोन द्या आणि कुठेही क्लिक न करता विचारा, 'यातलं फुकट काय?' तो अडखळला, तर डिझाइन अजून पूर्ण झालेलं नाही.