मानधनाच्या पैशावर आमदार मत कसं देतात?

अंगणवाडी सेविकेचं मानधन थकलं की एकच उत्तर मिळतं, "वरून पैसाच आला नाही." पण सरकारला तरी हा पैसा आपल्या मर्जीनं काढता येतो का? नाही. त्याला विधानसभेची मंजुरी लागते.

दरवर्षी साधारण मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्प मांडतात. मग एकेक खातं आपली मागणी ठेवतं, महिला व बालविकासाला इतके, आरोग्याला इतके. यांना म्हणतात अनुदानाच्या मागण्या. यांवर मत देतात फक्त विधानसभेचे 288 आमदार. विधान परिषदेत नुसती चर्चा. नंतर विनियोजन विधेयक मंजूर झालं की तिजोरी उघडते. गंमत बघा, सरकारी कर्जाचं व्याज आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार यांवर मत घेतच नाहीत. सेविकेच्या मानधनावर मात्र घ्यावं लागतं.

आता खरी गोम. राज्यघटनेच्या कलम 203 प्रमाणे आमदार मागणी मंजूर करू शकतात, नाकारू शकतात, कमी करू शकतात. वाढवू शकत नाहीत! वाढीव रक्कम सरकारनेच मांडावी लागते. म्हणून आपलं निवेदन मार्चमध्ये देऊन उपयोग थोडा. खात्यांची जुळवाजुळव त्याआधीच काही महिने सुरू झालेली असते.

विरोधी आमदार कपात सूचना देतात. नाव ऐकून घाबरू नका. बहुधा ती नाममात्र रकमेची असते. त्या निमित्तानं तक्रार मांडायची आणि मंत्र्यांकडून उत्तर घ्यायचं.

मतदान बहुतेक वेळा आवाजी असतं. "होय"वाले ओरडतात, "नाही"वाले ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात. कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. मतविभागणी मागितली तरच मोजणी होते. शिवाय पक्षाचा व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे सत्ताधारी आमदार सहसा विरोधात जात नाही.

वर्षाच्या मध्ये पैसे कमी पडले तर पुरवणी मागण्या येतात, डिसेंबरात नागपूरलाही. 4 डिसेंबर 2023 ला राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी बेमुदत संप सुरू केला, तेव्हा नागपूरचं अधिवेशन तोंडावर होतं. वेळ अगदी नेमकी होती.

तर गावात आमदार आले की "मत कुणाला दिलंत?" एवढ्यावर थांबू नका. महिला व बालविकासाच्या मागणीवर चर्चा झाली त्या दिवशी सभागृहात होतात का, बोललात का, कपात सूचना दिलीत का, हे विचारा. बोलणं कामकाजात छापलेलं असतं, ते दाखवा म्हणा.