जागतिक फुटबॉलचा सामना पाहताना

दर चार वर्षांनी आमच्या कोल्हापुरात एक मौजेचा प्रकार पाहायला मिळतो. जागतिक फुटबॉलची स्पर्धा जवळ आली की गल्लोगल्ली पताका लागतात. पण त्या आपल्या देशाच्या नव्हेत. एका पेठेत ब्राझीलचा पिवळा रंग, तर पलीकडच्या पेठेत अर्जेंटिनाचा निळा-पांढरा. ज्यांनी मुंबईपलीकडे प्रवास केलेला नाही अशी मंडळी ब्राझीलच्या आघाडीला कोणाला खेळवावे यावरून चहाच्या गाड्यावर हमरीतुमरीवर येतात.

22 नोव्हेंबर 2022 ची दुपार मला चांगली आठवते. कतारमध्ये अर्जेंटिनाचा पहिला सामना होता, सौदी अरेबियाशी. आमची गल्ली अर्जेंटिनाची. मी तास आटोपून घाईघाईने घरी आलो आणि दूरचित्रवाणीपुढे बैठक मारली. आई वाती वळत शेजारी बसली होती. थोडा वेळ तिने चेंडूची ये-जा पाहिली आणि म्हणाली, "आरं, समदं खरं, पर ह्यात आपलं कोण हाय?"

वर्गात प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा धंदा आहे. पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. वाचकहो, तुमच्याही घरात कोणी ना कोणी हे विचारणारच. ज्या स्पर्धेत आपला देश नाही ती का पाहावी, आणि पाहायचीच तर कशी पाहावी, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

आधी स्पर्धेची मांडणी समजून घेऊ. पहिली स्पर्धा 1930 साली उरुग्वेत झाली, तेव्हा अवघे 13 संघ होते. 1998 ते 2022 या काळात 32 संघ आणि 64 सामने असा हिशेब होता. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांकडे यजमानपद असलेल्या 2026 च्या स्पर्धेसाठी संघांची संख्या 48 आणि सामन्यांची 104 करण्यात आली. चार-चार संघांचे बारा गट. गटातला प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी एकेकदा खेळतो. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर भोपळा. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात; हे झाले चोवीस. शिवाय बारा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सरस आठ. एकूण बत्तीस. तिथून बाद फेरी सुरू होते. तिच्यात हरला तो घरी गेला. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर अर्ध्या तासाचा जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पाच-पाच पेनल्टी. करंडक उचलणाऱ्याला आठ सामने खेळावे लागतात.

हे सगळे तोंडपाठ करायची गरज नाही. एक मोठा कागद घ्या, त्यावर गटांचे तक्ते आखा आणि तो भिंतीला लावा. रोज सकाळी गुण मांडायचे काम घरातल्या एखाद्या पोराकडे द्या. हा तक्ता भिंतीवर चढला की ज्यांना फुटबॉलचे गम्य नाही ती माणसेसुद्धा "काय रे, जपान अजून आहे का?" असे विचारू लागतात, हा माझा स्वानुभव आहे.

या तक्त्यातच एक जुनी गोष्ट दडली आहे. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. एकाला दोन्ही कसे पाहता येणार, अशी तक्रार आपण करतो. पण याला कारण घडले ते 1982 साली स्पेनमधल्या गिहोन शहरात. त्या वर्षी अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला हरवून खळबळ उडवली होती. अल्जीरियाचे तिन्ही सामने आटोपले, आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनीने एक-दोन गोलांनी जिंकले तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे दोघांनाही ठाऊक होते. दहाव्या-अकराव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला, आणि त्यानंतर उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू नुसता इकडून तिकडे ढकलत राहिले. नियम कुठलाच मोडला नव्हता. अन्याय मात्र धडधडीत झाला. पुढच्या, म्हणजे 1986 च्या स्पर्धेपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवू लागले. खेळाचे नियम असे कोणाच्या तरी डोळ्यांतल्या पाण्यातून तयार होत असतात.

आता ज्या नियमापाशी नवखा माणूस अडतो त्या ऑफसाइडकडे वळू. गल्लीतला खेळ आठवा. एखादा आळशी पोरगा गोलाच्या तोंडाशी उभा राहून "दे, मला दे" म्हणून ओरडत असतो. पळायचे दुसऱ्यांनी, गोल मारायचा याने. ही फुकटेगिरी बंद करण्यासाठी हा नियम. आपल्या सोबत्याने चेंडू मारला, त्या क्षणी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड. शेवटचा बहुधा गोलरक्षकच असतो, म्हणून व्यवहारात त्याच्या पुढचा बचावपटू कुठे आहे ते पाहायचे. त्याच्या बरोबरीत असले तर चालते. हात जमेस धरत नाहीत. नुसते तिथे उभे राहणे हा गुन्हा नव्हे. तिथून खेळात भाग घेतला तर पंच शिटी वाजवतात. आणि कॉर्नर, गोल-किक किंवा थ्रो-इन यांवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागू नाही. यात ध्यानात ठेवायचे एवढेच, की पाहायचा तो चेंडू मारल्याचा क्षण, चेंडू मिळाल्याचा नव्हे. निम्मी भांडणे इथेच मिटतात, बरं का!

त्या दुपारी मी आईला हेच सांगत होतो, आणि समोरचा सामना जणू माझ्या मदतीला धावून आला. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. गल्लीत फटाके वाजले. त्यानंतर पूर्वार्धातच अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळ्यात मारला, आणि तिन्ही वेळा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. सौदी अरेबियाची बचावफळी आपल्या गोलापाशी दबून न बसता मैदानाच्या मध्याकडे सरकून उभी होती. पाठीमागे मोकळे रान. कोणी निसटला तर सर्वनाश. पण सगळे एका रेषेत, एका वेळी पुढे सरकले तर समोरचा आपोआप ऑफसाइडच्या सापळ्यात सापडतो. पंगतीत एक जण चुकला की सगळ्यांचा घात, असा हा जुगार होता. तो त्यांनी निभावला. उत्तरार्ध सुरू झाला आणि पाच-सहा मिनिटांच्या अवधीत अल-शहरी आणि अल-दौसरी यांनी दोन गोल केले. छत्तीस सामने अपराजित राहिलेला अर्जेंटिना 2-1 असा हरला.

फुटबॉलचे मर्म मला इथे दिसते. या खेळात गोल फार थोडे होतात. 2022 च्या सबंध स्पर्धेत 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनसुद्धा नाहीत. कोणी म्हणेल, मग यात पाहायचे काय? पण गोल दुर्मीळ म्हणूनच दुबळ्याला आशा असते. ज्या खेळात धावांचे डोंगर रचले जातात तिथे बलवंताला एखादी चूक पचते; इथे एका चुकीची किंमत सामना असू शकते. म्हणून चेंडूच्या मागे डोळे फिरवू नका. दहा मिनिटे एकच खेळाडू निवडा आणि त्याच्याकडे चेंडू नसताना तो काय करतो ते पाहा. तो जागा मोकळी करतो, सोबत्याची चूक झाकायला धावतो, हात करून इतरांना पुढे बोलावतो. नव्वद मिनिटांत खेळाडूच्या पायाशी चेंडू फार तर दोन-चार मिनिटे असतो. बाकीचा वेळ तो हेच काम करतो. हे दिसू लागले की सामना कंटाळवाणा वाटत नाही.

वेळेचेही गणित सांगून ठेवतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि कॅलिफोर्नियाचे साडेबारा तास मागे असते. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. साऱ्या रात्री जागायच्या हट्टाला पेटू नका. गटातले थोडे सामने निवडा आणि जागरण बाद फेरीसाठी राखून ठेवा.

आता बाजू कोणाची घ्यावी? माझा सल्ला असा, की दोन संघ निवडा: एक थोर, एक लहान. 2022 पर्यंतच्या 22 स्पर्धा अवघ्या आठ देशांनी वाटून घेतल्या आहेत. त्यांत ब्राझीलने पाच, तर जर्मनी आणि इटली यांनी प्रत्येकी चार. यांच्यापैकी कोणीही घ्या, कौशल्य पाहायला मिळेल. पण लहानाची निवड मात्र मनापासून करा. 2026 च्या स्पर्धेसाठी जॉर्डन, उझबेकिस्तान, केप वर्दे आणि कुरासाव हे चार देश प्रथमच पात्र ठरले. यांतले कुरासाव म्हणजे कॅरिबियन समुद्रातले एक बेट. वस्ती दीड लाखाच्या आसपास. आमच्या कोल्हापूर शहराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

हे वाचून मनात सल उठतोच. मग आपण कुठे आहोत? 1950 साली ब्राझीलमधल्या स्पर्धेचे दार आपल्याला उघडे होते. पात्रतेच्या गटातले इतर देश माघारले, आणि इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटात भारताचे नाव लागले. संघ गेला नाही. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून गेला नाही, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. गोष्ट चटकदार आहे, पण पुरती नव्हे. दूरचा प्रवास, तयारीला अपुरा वेळ, आणि मुख्य म्हणजे ऑलिंपिकपुढे या स्पर्धेची मातबरी त्या वेळच्या धुरीणांना वाटली नाही. खेळाडूंत गुण नव्हते असे नाही. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत आपण सुवर्णपदक मिळवले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले आणि भारत चौथा आला. त्यानंतर मात्र गाडी मागे पडली ती पडलीच. पुरुषांच्या मुख्य स्पर्धेत, 2026 धरून, भारत एकदाही खेळलेला नाही. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा आपला संघ यजमान म्हणून प्रथम उतरला. तीनही सामने हरला. पण त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

असो. त्या दुपारी शेवटची शिटी वाजली तेव्हा आमची गल्ली सुतकी झाली होती. आईने वातींचे तबक बाजूला सारले होते. सौदी अरेबियाचा गोलरक्षक अल-ओवैस याच्याकडे बोट करून ती म्हणाली, "ह्यो आपला. लई सोसलं त्यानं." तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले. ज्याचे कष्ट आपल्याला उमगले तो आपला. पुढे तोच अर्जेंटिना अंतिम सामन्यात फ्रान्सला पेनल्टीवर हरवून जगज्जेता झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गटात एक हार पचवता येते ती अशी.

पण उत्तर इथे संपू नये असे मला वाटते. स्पर्धा आटोपते, पताका उतरतात, आणि हंगाम आला की आमच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ पुन्हा उतरतात. ती पोरेही ऑफसाइडची रेषा धरतात, सोबत्याची चूक झाकायला धावतात. तुमच्या गावातही असे एखादे मैदान असेलच. मध्यरात्री जागून शिकलेली नजर घेऊन एखाद्या संध्याकाळी तिथे जा, आणि कठड्यावर बसून पूर्ण सामना पाहा. तिथे आपलं कोण आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.