लातूरचा निम्मा कचरा घरातच जिरू शकतो

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच महिन्यात केंद्राचे घनकचरा नियम निघाले: ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा. पाण्याची किंमत आपल्याला कळली. ओल्या कचऱ्याची अजून कळायची आहे. आपल्या शहरांच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. वेगळा ठेवला तर त्याचं खत होतं आणि ते मातीत ओल धरतं. मराठवाड्याला याहून काय हवं? तोच मिसळून डेपोवर गेला, की हवेविना कुजतो, मिथेन सोडतो, आगीला निमित्त होतो. पावसात त्याचं काळं पाणी जमिनीत मुरतं. मराठवाड्यातल्याच नांदेडकरांच्या तर गोदावरी उशाशीच आहे; ते पाणी तिच्यातही जाऊ शकतं.

"घंटागाडीत सगळं एकत्रच होतं, मग वेगळं कशाला?" हा आक्षेप रास्त आहे. पण एकदा मिसळलेला कचरा कुठलंही यंत्र पूर्ण वेगळा करू शकत नाही. आणि आपण वेगळा दिला, तरच गाडीत वेगळे कप्पे मागता येतात. शिवाय ओला कचरा घरच्या कुंडीतच जिरवला, तर तो गाडीपर्यंत जातच नाही. वाळलेला पालापाचोळा मिसळत राहिलं की दुर्गंधी येत नाही आणि साधारण दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं.

आजपासून ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवा, घातक कचरा बाजूला ठेवा. खताबद्दल काही शंका असेल तर खाली जरूर विचारा.