पडल्यानंतर पुन्हा उभे राहताना

मुष्टियुद्ध हा खेळ आपल्यापैकी अनेकांना रुचत नाही, आणि त्यास सबळ कारणही आहे. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर ठोसे मारून जिंकण्याच्या या खेळात शरीराची हानी ठरलेलीच असते. तरीही ज्येष्ठ वाचकांसमोर आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसमोर आज हा विषय मांडावासा वाटतो. पराभव झाल्यावर त्याचे कारण कसे शोधावे, कोणाचे मार्गदर्शन घ्यावे आणि कोठे थांबावे, हे तीन प्रश्न मुष्टियोद्ध्याला टाळता येत नाहीत. स्नानगृहात पाय घसरून हाड मोडल्यावर, हृदयशस्त्रक्रियेनंतर किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हेच प्रश्न आपल्या घरातही येतात. म्हणून या क्षेत्रातील काही जाणत्या माणसांचे अनुभव आपण पाहू.

कारणाचा प्रामाणिक शोध

अमेरिकेचे जॉर्ज फोरमन यांनी १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि १९७३ साली जो फ्रेझियर यांना दुसऱ्याच फेरीत हरवून ते हेवीवेट गटाचे जगज्जेते झाले. त्यांचे बहुतेक सामने अवघ्या काही फेऱ्यांत संपत. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईर देशाची राजधानी किन्शासा येथे त्यांची गाठ मुहम्मद अली यांच्याशी पडली. अली दोरांना पाठ टेकवून, चेहरा हातांनी झाकून ठोसे झेलत राहिले. फोरमन सर्व शक्तीनिशी प्रहार करीत राहिले आणि थकत गेले. आठव्या फेरीत अलींनी त्यांना जमिनीवर पाडले. त्याआधीच्या चाळीसही व्यावसायिक लढती जिंकलेल्या फोरमन यांचा हा पहिला पराभव होता.

पुढे बराच काळ फोरमन यांना तो पराभव पचला नाही. दोर सैल होते, पंचांनी आकडे घाईने मोजले, पाण्यात काहीतरी मिसळले होते, अशी कारणे ते देत राहिले. त्यांनी मार्गदर्शक बदलले, काही सामने जिंकलेही. परंतु मार्च १९७७ मध्ये जिमी यंग यांच्याकडून हरल्यावर त्यांनी खेळच सोडला आणि ते धर्मोपदेशक झाले. अलींनी आपल्याला निर्विवादपणे हरवले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आणि दोघांत स्नेह जुळला.

आजारपणानंतर आपलेही असेच होते. फरशी ओली होती म्हणून पडलो, असे म्हणून आपण विषय संपवतो. फरशी ओली असेलही. पण त्यासोबत मोतीबिंदूमुळे अंधुक दिसत होते का, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने तोल जात होता का, मांड्यांतील बळ कमी झाले होते का, हे पाहिल्याखेरीज पुढचे पडणे टळत नाही. त्यामुळे पहिले काम असे की, आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी घेऊन वैद्यांकडे जावे, डोळे तपासून घ्यावेत, आणि बसलेले असताना व उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा.

बदललेल्या शरीरासाठी बदललेली रीत

दहा वर्षांच्या खंडानंतर, १९८७ साली वयाच्या ३८व्या वर्षी फोरमन रिंगणात परतले. पहिल्या सामन्यात त्यांचे वजन १२० किलोंच्या पुढे होते. वृत्तपत्रांनी थट्टा केली. त्यांनी मात्र घाई केली नाही. प्रथम दुय्यम प्रतिस्पर्धी निवडले, मग हळूहळू अधिक तयारीच्या खेळाडूंशी सामने घेतले. तरुणपणीचा झंझावाती मारा त्यांनी सोडून दिला. डाव्या हाताचे छोटे, सरळ ठोसे मारीत प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे, श्वास राखणे आणि शक्ती जपून वापरणे, ही त्यांची नवी पद्धत झाली. एप्रिल १९९१ मध्ये ४२व्या वर्षी इव्हांडर होलीफील्ड यांच्याविरुद्ध ते गुणांवर हरले खरे, परंतु पूर्ण १२ फेऱ्या पायांवर उभे राहिले. किन्शासात आठव्या फेरीपर्यंत गळून गेलेल्या माणसाची ही प्रगती होती. हरलेल्या सामन्यातही सुधारणा दिसू शकते, हे येथे लक्षात घ्यावे.

अंथरुणाला खिळून राहिल्यास वृद्धांच्या स्नायूंचे बळ झपाट्याने घटते. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी देताच हालचाल सुरू करणे हिताचे असते. मात्र ‘पूर्वी मी पर्वती न थांबता चढत असे’ ही फूटपट्टी आता उपयोगाची नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, घरातल्या घरात दहा पावले चालणे, मग दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, अशी चढण ठेवावी. चालताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम पुष्कळांना मानवतात. हृदयविकार असणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रोजची पावले वहीत लिहून ठेवल्यास महिन्याने आपली प्रगती आपल्यालाच दिसते.

मार्गदर्शक कसा असावा

५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगास येथे ४५ वर्षांचे फोरमन २६ वर्षांच्या मायकेल मूरर यांच्यासमोर उभे राहिले. त्या दिवशी फोरमन यांच्या साहाय्यकांत अँजेलो डंडी होते. वीस वर्षांपूर्वी किन्शासात हेच डंडी अलींचे प्रशिक्षक म्हणून समोरच्या बाजूला उभे होते. ज्याने आपला पराभव प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने, अगदी जवळून पाहिला, त्याच माणसाला फोरमन यांनी आपल्या बाजूला घेतले. नऊ फेऱ्यांपर्यंत तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांत फोरमन मागे होते. दहाव्या फेरीत त्यांच्या उजव्या हाताच्या ठोशाने मूरर कोसळले आणि फोरमन हेवीवेट गटातील तोवरचे सर्वांत वयस्क जगज्जेते ठरले. विजयाचे सारे श्रेय डंडींना देता येणार नाही. पण जुना मानापमान बाजूला ठेवून अनुभवी माणसाची मदत घेण्याचा समजूतदारपणा त्या निवडीत होता.

आपला फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर निवडताना हाच विचार करावा. गोड बोलणारा आणि ‘आठ दिवसांत धावायला लागाल’ असे सांगणारा माणूस आपल्याला आवडतो. परंतु जो प्रथम आपले चालणे पाहतो, आपल्या उणिवा नेमक्या सांगतो, व्यायामाचा हेतू समजावतो आणि दुखले तर काय करायचे हे आधीच सांगून ठेवतो, तो अधिक विश्वासाचा. आधीच्या उपचारकांशी मतभेद झाले असले तरी त्यांची कागदपत्रे नव्या उपचारकांना अवश्य दाखवावीत. लागोपाठ माणसे बदलत राहणेही बरे नव्हे. चार-सहा आठवडे नेटाने सांगितलेले करावे, आणि मग फरक पडला की नाही हे तपासून निर्णय घ्यावा.

थांबवण्याचा अधिकार

आता शुश्रूषा करणाऱ्या वाचकांसाठी सर्वांत अवघड भाग. १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपाइन्समध्ये अली आणि फ्रेझियर यांची तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियर यांचे डोळे सुजून मिटत आले होते आणि समोरून येणारा ठोसा त्यांना दिसत नव्हता. एकच फेरी उरली होती. त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी सामना थांबवला. फ्रेझियर यांनी विरोध केला, तरी फच बधले नाहीत. जगज्जेतेपदाची संधी गेली, पण माणूस घरी परतला.

याच्या उलट गोष्टही आहे. अलींचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ साली त्यांच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचे चिंताजनक निष्कर्ष अली आणि त्यांच्या निकटवर्तीयांना कळवले व खेळ सोडण्याचा सल्ला दिला. कोणी दाद दिली नाही, तेव्हा पाचेको बाजूला झाले. अली १९८१ सालापर्यंत लढत राहिले. १९८४ साली त्यांना पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. त्या विकाराला ठोसे कितपत कारणीभूत ठरले यावर वैद्यकांत चर्चा झाली आहे. परंतु सांगणारा होता आणि ऐकणारे नव्हते, ही खंत उरतेच.

घरी आजोबा ‘मला काही झालेले नाही’ म्हणत जिना चढू लागतात, तेव्हा आपणास फच व्हावे लागते. पण सतत ‘बसून राहा’ म्हणणारा माणूसही हानीच करतो. म्हणून थांबण्याच्या खुणा शांत वेळी, दोघांनी मिळून, डॉक्टरांसमक्ष ठरवाव्यात. छातीत दुखणे, बोलता येऊ नये इतकी धाप, भोवळ, अचानक हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम तत्काळ बंद करून वैद्यकीय मदत घ्यायची, हे आधीच ठरलेले असले की ऐन वेळी वाद होत नाही आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

डोक्याच्या माराबाबत विशेष दक्षता हवी. डोक्याला मार लागून चीत झालेल्या हौशी मुष्टियोद्ध्याला नियमानुसार किमान ३० दिवस रिंगणाबाहेर ठेवतात. आपल्या घरी मात्र डोके आपटल्यावर ‘टेंगूळच तर आहे’ म्हणून बर्फ लावून भागवले जाते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांचे डोके आपटले, तर त्यांना बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. मेंदूतील रक्तस्राव काही तासांनी किंवा काही दिवसांनीही प्रकट होऊ शकतो.

ठोसे, पण कोणालाही न मारता

२००६ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ हा उपक्रम सुरू झाला. कंपवाताच्या रुग्णांना तेथे मुष्टियोद्ध्याचे व्यायाम शिकवतात : वाळूच्या पिशवीवर ठोसे मारणे, पावलांची लय साधणे, तोल सांभाळणे, मोठ्याने आकडे मोजणे. कोणीही कोणाला मारत नाही. मुष्टियुद्धातील मार वगळून त्यातील शिस्त तेवढी घेतली, असे म्हणता येईल. असा व्यायाम घरी परस्पर सुरू करू नये. हाडे ठिसूळ असल्यास किंवा तोल जात असल्यास जाणकारांच्या देखरेखीखालीच तो करावा.

जॉर्ज फोरमन यांचे मार्च २०२५ मध्ये वयाच्या ७६व्या वर्षी निधन झाले. आपल्याला जगज्जेते व्हायचे नाही. कोणाचा हात न धरता स्नानगृहापर्यंत जाता यावे, नातवंडाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडता यावे, देवळाच्या चार पायऱ्या चढता याव्यात, एवढेच आपले उद्दिष्ट असते. ते गाठण्यासाठी या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. आपल्या पडण्याचे किंवा आजाराचे खरे कारण डॉक्टरांना विचारावे. आणि ‘आता पुरे’ असे आपल्याला कोणी म्हटलेले आपण ऐकू, त्या माणसाचे नाव ठरवून त्याला तसे सांगून ठेवावे.