शिपायाच्या पोरांची शाळा

केज तालुक्यातल्या नांदूरघाटकडून सैनिकांच्या मुलांचा विषय पाहू लागलं, की आधी शेजारच्या अंबाजोगाईचा विचार येतो. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव होतं मोमिनाबाद, आणि एकोणिसाव्या शतकात तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पदरचं घोडं घेऊन नोकरीला लागणारे ते शिलेदार. या सगळ्या कंटिन्जंटच्या खर्चापोटी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला, हा इतिहास आपण शाळेत वाचलेला असतो. १९०३ साली कंटिन्जंट मोडून तिची पथकं हिंदी फौजेत मिसळली. तिच्यातल्या काही पायदळ पलटणींचा वंश पुढे कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेला. म्हणजे कुमाऊँ रेजिमेंटच्या इतिहासाचा उगम आपल्या या दख्खनी मुलखात आहे. मोमिनाबादची छावणी मात्र उठली ती उठलीच.

पुढचा काळ बीडच्या दृष्टीनं कोरडा गेला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं आणि त्याच्या हाताखाली इंग्रजी मुलखात जिल्ह्या-जिल्ह्यांतून सैनिकांची मंडळं उभी राहिली. त्या परंपरेतून आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि आपल्याकडचा सैनिक कल्याण विभाग आले. सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांना ही व्यवस्था आजोबांपासून ठाऊक आहे. साताऱ्याच्या अपशिंग्यात तर गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं आहे. बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. इथल्या घरात फौजी असतो तो बहुधा घराण्यातला पहिला किंवा दुसरा. कुठला अर्ज कुठं करायचा, कुठला कागद जपून ठेवायचा, हे सांगणारी म्हातारी माणसं त्या घरात नसतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सरकारी योजनांची यादी सगळ्या जिल्ह्यांना एकच असली तरी ती उपयोगात आणण्याचं शहाणपण जिल्ह्यागणिक वेगळं असतं.

या विषयाकडे मी वळलो तो योजनांमुळे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आठवणींतला एक प्रवास कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. १९०१ सालचा उन्हाळा. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. मुलं साताऱ्यात. सुट्टीत वडिलांकडे निघालेली ही पोरं मसूर स्टेशनात उतरली, तर न्यायला कोणी आलेलं नव्हतं. पत्र पोचलं होतं, पण वडिलांच्या हाताखालच्या माणसानं ते त्यांना दिलंच नव्हतं. पोरांची जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, या अटीवर. जवळ खायला होतं, प्यायला पाणी मिळालं नाही. अस्पृश्यतेचा दाखला म्हणून ही हकिकत आपण वाचतो, आणि ती तशीच वाचली पाहिजे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसत राहिली. ही निवृत्त सुभेदाराची मुलं होती. चांगले कपडे घातलेली, शिकलेली, स्वच्छ बोलणारी. हे शिक्षण त्यांच्या घरात आलं कुठून?

उत्तर पलटणीच्या शाळेत आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ; त्यांचेही वडील फौजेत होते. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केलं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते भीमराव. कंपनी सरकारच्या फौजेपासून चालत आलेला रिवाज असा, की शिपायानं शिकायचं आणि त्याच्या मुलांनीही शिकायचं, मुलींसकट. मुलांसाठी दिवसाची शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत ज्या जातीच्या मुलाला वर्गाच्या उंबऱ्याआत घेत नव्हते, तिची मुलं छावणीत सक्तीनं अक्षर गिरवत होती. या शाळेचं मोल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

ती शाळा म्हणजे काही पुण्यकर्म नव्हतं. फौजेला वाचता येणारा हवालदार हवा होता, हुकूम समजणारा जमादार हवा होता. पण परिणाम बघा. नोकरीच्या कराराबरोबर पोरांची शाळा येत होती. तिच्यासाठी बापाला मरावं लागत नव्हतं, अपंग व्हावं लागत नव्हतं, अर्ज करावा लागत नव्हता. सैनिकाच्या मुलासाठी या देशात चाललेली सर्वांत सरळ व्यवस्था मला तीच वाटते.

रामजी निवृत्त झाले आणि व्यवस्था तिथंच संपली. कुटुंब दापोलीला आलं, मग साताऱ्याला. आत्या मीराबाईंनी घर सांभाळलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पलटणीच्या शाळेत ज्याच्या बापानं फळ्यासमोर उभं राहून शिकवलं, त्या मुलाला इथं बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शाळेच्या शिपायानं नळ उघडला तरच पाणी. छावणीच्या फाटकाबाहेर सैनिकाच्या मुलाला कोण विचारतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

त्याच सुमारास आणखी एक दार बंद झालं, आणि इथं मला गोपाळबाबा वलंगकरांपाशी थांबायचं आहे. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ मध्ये फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांत वाढलेले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती केली. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला इतर सभासद तयार नव्हते. त्याआधी, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं महारांची फौजेतली भरती थांबवली होती. सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या काळापासून ‘लढाऊ जाती’ची कल्पना बळावत गेली होती, तिचा हा फटका. वलंगकरांनी १८९४ मध्ये मुंबई फौजेच्या सेनापतींकडे अर्ज तयार केला. आमचे बापजादे तुमच्यासाठी लढले, आम्हांला परत भरतीत घ्या, हा त्याचा गाभा. याच बंदीविरुद्ध अर्ज लिहिण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत मागितली, असं चरित्रकार सांगतात.

या अर्जाकडे नेहमी नोकरीची मागणी म्हणून पाहिलं जातं. पेन्शनर हवालदार आणि सुभेदार ज्या कळकळीनं त्यामागे लागले, ती मात्र स्वतःच्या नोकरीची नव्हती. त्यांची नोकरी करून झाली होती. भरती थांबली म्हणजे पुढच्या पिढीची शाळा थांबली, हे त्यांना कळलं होतं असं मी मानतो. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. मध्ये जवळजवळ अर्धं शतक गेलं. तेवढ्या काळात किती मुलांची अक्षरं हुकली, हे कोणी मोजलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. जवानांच्या मुलांसाठी किंग जॉर्जच्या नावाच्या लष्करी शाळा निघाल्या, त्यांतली बेळगावची दुसरं महायुद्ध संपता संपता. आज ती राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. २३ जून १९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झालं. १९६६ मध्ये सैनिकांच्या पत्नींची ‘आवा’ ही संस्था आली आणि पुढे विशेष मुलांसाठी तिच्या आशा शाळा. १९८३ पासून आर्मी पब्लिक स्कूलांची साखळी, १९९४ मध्ये पुण्याजवळ दिघीला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. सगळी चांगली कामं. पण नकाशा पुढे ठेवून पाहा: बहुतेक सगळं छावणीच्या किंवा मोठ्या शहराच्या आसऱ्यानं आहे. बाप ‘पीस’ला, म्हणजे शांत ठिकाणच्या छावणीत, असेल आणि क्वार्टर मिळालं, तर मुलाला ते मिळतं. बाप ‘फील्ड’ला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, गेला, म्हातारे आईबाप आणि शेत सोडवेना म्हणून बायको गावी राहिली, की मूल नांदूरघाटच्या शाळेत आणि व्यवस्था शेकडो किलोमीटर दूर.

आता सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणखर्चावरून झालेल्या भांडणाकडे येतो. १८ डिसेंबर १९७१ ला, युद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लोकसभेत घोषणा झाली की धारातीर्थी पडलेल्या, बेपत्ता वा कायमच्या अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करील. योजना १९७२ मध्ये लागू झाली. पुढे सियाचीन आणि श्रीलंकेतल्या मोहिमांनाही ती लागली. पंचेचाळीस वर्षं कोणी तिला कात्री लावली नाही. सातव्या वेतन आयोगानंतर, १३ सप्टेंबर २०१७ च्या आदेशानं तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आली. त्याच्या चारच दिवस आधी, ९ सप्टेंबरला, स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या पोगरवाडीचे, सातारा सैनिक स्कूलचेच विद्यार्थी, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. दोन लहान मुलांना निवासी शाळेत ठेवून या बाईंनी प्रशिक्षण पुरं केलं. सगळा महाराष्ट्र त्यांचं कौतुक करत असताना दिल्लीत हा आदेश निघत होता.

नौदलप्रमुख सुनील लांबा यांनी तिन्ही दलांच्या वतीनं संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून मर्यादा उठवण्याची मागणी केली. संसदेत उत्तर द्यायची वेळ आली ती तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांच्यावर, आपल्या धुळ्याच्या त्या वेळच्या खासदारांवर. त्यांनी दिलेले आकडे असे, की मर्यादेचा फटका सुमारे २५० विद्यार्थ्यांना बसेल आणि वर्षाला अंदाजे ३.२० कोटी रुपये वाचतील. अडीचशे पोरं आणि सव्वातीन कोटी! एवढ्या देशाच्या संरक्षण खर्चात ही रक्कम कुठं दिसणारही नाही, आणि त्यासाठी १९७१ चा शब्द मोडला गेला. मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली. ती घालायलाच नको होती, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण या भांडणानं आणखी एक गोष्ट उघडी केली, तिची चर्चा झाली नाही. देश पेटून उठला तो बाप गमावलेल्या मुलांसाठी. उठायलाच हवं होतं. ज्याचा बाप जिवंत आहे, पण वर्षातले नऊ-दहा महिने घरात नाही, त्या मुलाच्या वाट्याला काय येतं? सेवेतल्या सैनिकाला इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसारखा शिक्षण भत्ता मिळतो: २०१७ पासून एका मुलामागे दरमहा २,२५०, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यात पंचवीस टक्के वाढ. पैसा मिळतो. शाळेत बापाच्या जागी सही कोण करणार, दहावीत पोरगं बिथरलं तर त्याच्याशी बोलणार कोण, टीव्हीवर चकमकीची बातमी लागली आणि फोन लागेना त्या रात्री त्या घरी कोण जाणार, याचं उत्तर भत्त्यात नाही.

बीड जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो घरं ऊसतोडीला निघतात. कोयता घेऊन जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढण्याचा निर्णय झाला. त्यांची अंमलबजावणी हा वेगळा आणि क्लेशदायक विषय आहे. तरी तत्त्व मान्य झालं: आईबाप कामासाठी दूर आहेत, एवढंच कारण मुलाची जबाबदारी घ्यायला पुरेसं आहे. फौजीच्या मुलालाही हेच तत्त्व लागू व्हायला हवं. सैनिक कल्याण विभागाची सैनिकी मुलांची वसतिगृहं आहेत, पण ती बहुतेक शहरांत. प्रत्येक तालुक्याच्या गावी नाहीत.

तोवर जे आहे ते तरी हातचं जाऊ नये. हे नांदूरघाटच्या आणि आसपासच्या घरांसाठी लिहितो. मूल जन्मलं की युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली आहे ना, हे पाहा. ती नसेल तर फौजेच्या दप्तरी ते मूल नाही. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि रेकॉर्ड ऑफिसातलं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. आईच्या नावातली एका वेलांटीची तफावतही पुढे पेन्शनपर्यंत छळते. हवालदारपदापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना १,००० वरून २,००० झालं आहे. बारावीला साठ टक्के असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: देशभर ५,५०० जागा, मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात माजी सैनिकांच्या मुलांना डेफ-१ आणि सेवेतल्यांच्या मुलांना डेफ-२ असा वेगळा कोटा आहे. फॉर्म भरताना नेटकॅफेवाला तो रकाना सोडून देतो, तेव्हा पोरानं स्वतः पाहावं.

आणि शिक्षकांना एक विनंती. दर ७ डिसेंबरला शाळेत ध्वजदिनाचा डबा फिरतो, मुलं त्यात नाणी टाकतात. त्या दिवशी आपल्या वर्गात फौजीची मुलं किती, याची यादी करा, ती बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा आणि तिथल्या कल्याण संघटकांना वर्षातून दोनदा तरी शाळेत बोलवा. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.